ग्रहछायाचित्रणातील फिल्टर

ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश कॅमेऱ्यापर्यंत पोहोचू देणारी काच म्हणजे फिल्टर. ग्रहाच्या वातावरणातले वरचे-खालचे थर वेगवेगळ्या तरंगलांबींत उठून दिसतात, त्यामुळे फिल्टर बदलला की दुर्बिणीतून टिपलेल्या ग्रहाचे रूपही बदलते.

दृश्य प्रकाशात शुक्र जवळजवळ कोरा दिसतो. ३५० नॅनोमीटरच्या आसपासच्या जंबुपार (अतिनील) प्रकाशात मात्र त्याच्या ढगांतले काळसर पट्टे उमटतात. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ फ्रँक रॉस यांनी १९२७ मध्ये कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन वेधशाळेतून ते टिपले. या कामाला आरशाची दुर्बीण उत्तम; अनेक भिंगे आणि साध्या बार्लो (प्रतिमा मोठी करणारी जोडभिंगे) हा प्रकाश बराचसा गिळतात. मंगळाचे गडद प्रदेश लाल व अवरक्त फिल्टरने स्पष्ट होतात, तर ढग निळ्याने. गुरूसाठी ८८९ नॅनोमीटरचा मिथेन फिल्टर वापरतात. मिथेन वायू हा प्रकाश शोषतो, म्हणून खोलवरचे ढग काळवंडतात आणि उंचावरचा प्रसिद्ध तांबडा डाग उजळ दिसतो. पण या पट्ट्यात प्रकाश फारच थोडा मिळतो. आठ इंचांहून लहान दुर्बिणीसाठी हा महागडा फिल्टर घेऊ नये.

फिल्टर वापरून रंगीत चित्र करायचे तर मोनो (कृष्णधवल) कॅमेरा, फिल्टर व्हील (फिल्टर बदलणारी चकती) आणि लाल-हिरवा-निळा फिल्टरसंच लागतो. दुर्बिणीचे एफ-गुणोत्तर (नाभीय अंतर भागिले दुर्बिणीचा व्यास) कॅमेऱ्याच्या पिक्सेलच्या मायक्रॉनमधल्या मापाच्या साधारण पाचपट ठेवावे: २.९ मायक्रॉनला एफ/१४ ते १५. प्रत्येक फिल्टरमधून ४० ते ६० सेकंदांचा व्हिडिओ घेऊन त्यातल्या निवडक फ्रेम ऑटोस्टॅकर्टसारख्या संगणक प्रणालीत एकावर एक रचतात. गुरू मिनिटाला ०.६ अंश फिरतो, त्यामुळे तिन्ही रंग तीनेक मिनिटांत उरकले नाहीत तर डागांना लाल-निळ्या कडा येतात. वेळ वाढलाच तर विनजुपोस या संगणक प्रणालीत हे फिरणे उलटवता येते. फिल्टर बदलल्यावर फोकस पुन्हा तपासावा. सारखा फोकस देणारे म्हणून विकलेले संचही दर वेळी तसे वागत नाहीत.

नवख्यांना फसवते ती अवरक्ताची गळती. डोळ्याने पाहण्यासाठी विकल्या जाणाऱ्या स्वस्त निळ्या काचा ७०० नॅनोमीटरपलीकडचा प्रकाशही सोडतात. डोळ्याला तो दिसत नाही, सेन्सरला दिसतो. ‘निळ्या’ चित्रात मंगळाचे गडद प्रदेश ठळक उमटले, तर आधी ही गळती तपासावी आणि जोडीला अवरक्तरोधक फिल्टर लावावा.

हवा अस्थिर असेल तर ६८५ नॅनोमीटरचा अवरक्त फिल्टर रात्र वाचवतो, कारण लांब तरंग कमी थरथरतात. मोबदल्यात बारकावे थोडे हरवतात. शहरातल्या उजेडाने ग्रहांचे फारसे बिघडत नाही. बिघडते ते दिवसभर तापलेल्या गच्चीच्या स्लॅबमुळे. त्यापेक्षा अंगणातली माती किंवा हिरवळ बरी. महाराष्ट्रातून ग्रह बहुधा बरेच उंचावर येतात, तेव्हा हवेमुळे होणारी रंगांची फाकही कमी असते. ग्रह क्षितिजाजवळ असेल तर मात्र ही फाक (प्रकाश-अपस्करण) दुरुस्त करणारे प्रिझम लावावे, नाहीतर निळा फिल्टर कितीही चांगला असला तरी त्यातले चित्र पुसटच येते.