गरोदर आईवरचे संकट आणि तिच्या मनाची तगमग: एकाच ‘ताणा’त मिसळलेल्या दोन गोष्टी

जानेवारी 1998मध्ये कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात सलग काही दिवस गोठणारा पाऊस पडला. बर्फाच्या ओझ्याने विजेचे मनोरे वाकून कोसळले आणि ऐन हिवाळ्यात 30 लाखांच्या आसपास लोक अंधारात गेले. मॉन्ट्रियलच्या दक्षिणेकडील मॉन्तेरेजी भागात तर काही घरांत महिना उलटला तरी वीज आली नव्हती. मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधक सुझॅन किंग यांनी त्या काळात गरोदर असलेल्या किंवा त्यानंतर लवकरच गरोदर राहिलेल्या स्त्रिया शोधून काढल्या आणि त्यांच्या मुलांची पाहणी पुढे अनेक वर्षे चालू ठेवली. हाच ‘प्रोजेक्ट आइस स्टॉर्म’.

या प्रकल्पाचे खरे महत्त्व त्याच्या प्रश्नावलीत आहे. वीज किती दिवस नव्हती, घर सोडून किती रात्री काढाव्या लागल्या, कोणाला इजा झाली का, उत्पन्न बुडाले का, हे प्रश्न एका बाजूला ठेवले गेले. त्या दिवसांच्या आठवणी नको असताना मनात येतात का, त्या विषयापासून मन पळ काढते का, झोप उडते का, दचकायला होते का, हे प्रश्न दुसऱ्या बाजूला. पहिल्या गटातून संकटाची झळ मोजली गेली, दुसऱ्यातून मनाची तगमग. रोजच्या बोलण्यात आपण दोन्हींना ‘टेन्शन’ म्हणून मोकळे होतो, परंतु या दोन मापांचे आकडे नेहमी हातात हात घालून चालत नाहीत. महिनाभर निवाऱ्यात राहूनही एखादी स्त्री शांत असू शकते, आणि दोनच दिवस वीज गेलेली दुसरी स्त्री पार हादरून गेलेली असू शकते.

गरोदरपणातील ताणाविषयीच्या बहुतेक अभ्यासांत केवळ तगमग मोजली जाते, कारण ती मोजणे सोपे असते. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या परिसरात 1991-92मध्ये सुरू झालेल्या एव्हन पाहणीत हजारो गरोदर स्त्रियांना त्यांच्या चिंतेबद्दल विचारले गेले. ज्यांची चिंता गरोदरपणाच्या उत्तरार्धात सर्वांत तीव्र होती, त्यांच्या मुलांत वयाच्या चौथ्या वर्षी वर्तनाच्या व भावनिक अडचणींचे प्रमाण इतर मुलांच्या जवळपास दुप्पट आढळले. ‘दुप्पट’ हा शब्द वाचून घाबरण्याचे कारण नाही. मूळ प्रमाणच कमी असल्यामुळे तीव्र चिंता असलेल्या मातांच्याही बहुसंख्य मुलांत अशा अडचणी दिसल्या नाहीत.

मात्र येथे एक पेच उभा राहतो. चिंता करणारी आई मुलाला गर्भाशयातील वातावरण देते, तशीच आपली जनुकेही देते. मग मुलाचा चंचलपणा ताणातून आला की वारशातून? ब्रिटनमधील कार्डिफच्या संशोधकांनी 2010च्या सुमारास यावर एक चतुर मार्ग काढला. आयव्हीएफने (शरीराबाहेर गर्भधारणा करून) झालेल्या मुलांपैकी काही आईच्याच बीजापासून जन्मलेली होती, तर काही दात्या स्त्रीच्या बीजापासून, म्हणजे आईची जनुके न मिळालेली. ताण आणि मुलाचे उद्दाम, नियम मोडणारे वर्तन यांचा संबंध दोन्ही गटांत दिसला. परंतु एडीएचडीशी (लक्ष न लागणे व अतिचंचलता या विकाराशी) असलेला संबंध केवळ आईचे बीज असलेल्या गटात आढळला. म्हणजे त्यातला निदान काही भाग गर्भाशयाचा नसून वारशाचा होता.

क्वेबेकच्या हिमवादळाने हा पेच दुसऱ्या बाजूने सोडवला. वीज कोणाच्या घरची जाणार हे कोणाच्या स्वभावावर ठरत नव्हते. वयाच्या दुसऱ्या वर्षी मुलांची बौद्धिक व भाषिक वाढ तपासली तेव्हा फरकाचा संबंध आईला बसलेल्या झळीशी लागला, तिच्या तगमगीशी नव्हे. साडेपाचव्या वर्षीच्या चाचण्यांतही झळीचा ठसा दिसत होता. तेराव्या वर्षी रक्तातील टी-पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) तपासल्यावर डीएनएवरील मिथाइल खुणांचा, म्हणजे जनुकांचे काम कमी-जास्त करणाऱ्या रासायनिक खुणांचा, संबंधही झळीशीच जुळला. तरीही तगमग निरुपद्रवी आहे असा निष्कर्ष काढता येत नाही, कारण स्वमग्नतेशी मिळत्याजुळत्या लक्षणांच्या बाबतीत दोन्ही मापांचा वाटा दिसला.

शरीरातील मार्गही दोन्हींचे सर्वस्वी एक असण्याचे कारण नाही. तगमगीचा विचार करताना कॉर्टिसॉल हे ताणात वाढणारे संप्रेरक (हार्मोन) पुढे येते. वारेतील (प्लासेंटातील) एक विकर (एन्झाइम) आईच्या कॉर्टिसॉलचा मोठा भाग निष्क्रिय करून गर्भाचे रक्षण करते. ज्या मातांची चिंता अधिक, त्यांच्या वारेत या विकराचे काम कमी झालेले आढळले आहे. झळीच्या बाबतीत थंडी, अपुरी झोप, बदललेला आहार, अंगमेहनत हे सगळे तितकेच संभाव्य आहे, आणि त्यासाठी आई मनातून घाबरलेली असण्याची गरज नाही.

म्हणूनच आपल्याकडे घरोघरी दिला जाणारा ‘टेन्शन घेऊ नकोस, आनंदी राहा’ हा सल्ला मला अपुरा वाटतो. तो झळीकडे पाहतच नाही, आणि उलट बाईच्या डोक्यावर चिंता केल्याची चिंता चढवतो. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॅनेट डिपिएत्रो यांनी 2006मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, निरोगी व सुस्थितीतील मातांच्या सौम्य ते मध्यम तगमगीचा संबंध दोन वर्षांच्या मुलांच्या काहीशा पुढारलेल्या वाढीशी आढळला होता. तीव्र चिंता किंवा नैराश्य मात्र वेगळे. त्यावर उपचार हवेतच.

ऑस्ट्रेलियात जानेवारी 2011च्या क्वीन्सलँड पुरानंतर अशाच मापांनी पाहणी झाली. त्या वेळी ब्रिस्बेनमध्ये प्रसूतिसेवेची एक चाचणी आधीपासून चालू होती: काही गरोदर स्त्रियांना सुरुवातीपासून बाळंतपणानंतरपर्यंत ओळखीच्या सुईणींची ठरलेली सेवा मिळत होती, तर बाकीच्यांना नेहमीची रुग्णालयीन सेवा. नेहमीच्या सेवेतील बाळांच्या सहाव्या महिन्यातील वाढीवर आईच्या पूरकाळातील ताणाची छाया दिसली. सुईणींची सलग सोबत मिळालेल्या मातांच्या बाळांची वाढ मात्र तुलनेने सुरक्षित राहिली.