अजिंठा-वेरूळ एका दिवसात होतं का? दोघांच्या छोट्या ट्रिपसाठी आमच्याकडून थोडी माहिती

नमस्कार. छत्रपती संभाजीनगरला दोन-तीन दिवस फिरायला येणाऱ्या जोडप्यांचे फोन आम्हाला रोज येतात, आणि बहुतेक फोनमध्ये पहिला प्रश्न एकच असतो: "अजिंठा-वेरूळ एका दिवसात करून द्याल ना? संध्याकाळी येताना बीबी का मकबरा पण दाखवा." आम्ही नाही म्हणतो आणि समोरचा नाराज होतो, त्याला वाटतं आम्ही दोन दिवसांचं भाडं काढायला बघतोय. म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतोय, बुकिंग करायच्या आधी दोघांनी मिळून वाचा.

मुळात गोंधळ होतो तो त्या नावामुळे. शाळेच्या पुस्तकापासून आपण "अजिंठा-वेरूळ" असं एका दमात म्हणत आलोय, त्यामुळे ही दोन्ही लेणी एकमेकांना लागूनच असतील असं मनात बसलेलं असतं. प्रत्यक्षात वेरूळ शहरापासून तीसेक किलोमीटर, दौलताबाद-खुलताबादच्या बाजूला, आणि अजिंठा शंभराच्याही थोडं पुढे, फुलंब्री-सिल्लोडवरून जळगाव रोडला. दोन्हींच्या मध्ये पुन्हा शंभरच्या आसपास किलोमीटर रस्ता आहे. म्हणजे दोन्ही एका दिवसात करायचं म्हणजे लेणी बघण्यापेक्षा गाडीतच जास्त बसायचं.

हिशेब करून बघा. सकाळी सातला निघालात, अजिंठ्याच्या टी-पॉइंटला पोचेपर्यंत पावणेदहा. तुमची गाडी तिथेच थांबते, पुढचे चार किलोमीटर एसटीच्या बसने जायचं असतं (हे पण बऱ्याच जणांना माहीत नसतं, मग ड्रायव्हरशी वाद घालतात की गाडी वरपर्यंत का नेत नाही, अहो तो नेऊच शकत नाही, धुरापासून चित्रं वाचावीत म्हणून सगळ्यांच्याच गाड्या खाली थांबवतात). बसची रांग, तिकीट, पायऱ्या, असं करत पहिल्या लेण्यात पाय ठेवेपर्यंत साडेदहा. तीन तास तरी हवेत, म्हणजे दीड. परत बस, जेवण, अडीच वाजले. आता तिथून वेरूळला यायला अडीच-तीन तास, वाटेत एक चहा, म्हणजे साडेपाच. आणि वेरूळ सूर्यास्ताला बंद. कैलास लेण्यासाठी तुमच्या हातात अर्धा तास उरतो, तो पण सुरक्षारक्षकाच्या शिट्ट्या ऐकत.

हे आम्ही उगाच सांगत नाही. सुरुवातीच्या काळात आम्हीही गिऱ्हाईक म्हणेल ते करून द्यायचो. एका डिसेंबरमध्ये एक जोडपं आलं होतं, लग्नाचा पंचविसावा वाढदिवस होता, त्यांनी दोन्ही एका दिवसात हवं असा हट्ट धरला आणि मी हो म्हटलं. डिसेंबरात अंधार लवकर पडतो. कैलासच्या दारात पोचलो तेव्हा लोक बाहेर यायला लागले होते. त्या ताई नंदीमंडपाजवळ पाच मिनिटं उभ्या राहिल्या असतील, तेवढ्यात बाहेर काढलं. परतीच्या वाटेवर त्या फक्त एवढंच म्हणाल्या की "पंचवीस वर्षं येऊ येऊ म्हणत होतो हो." ते मला आजही आठवतं. त्यानंतर आम्ही एका दिवसात दोन्हीचं बुकिंग घेणं बंद केलं, आणि त्यामुळे काही गिऱ्हाइकं दुसरीकडे जातात हे आम्हाला माहितीये, तरी चालेल.

दुसरी गोष्ट वाराची. अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी. लक्षात ठेवायला सोपं आहे, आपण ज्या क्रमाने "अजिंठा-वेरूळ" म्हणतो त्याच क्रमाने सोमवार-मंगळवार. लोक शनिवार-रविवारला जोडून सोमवारची सुट्टी टाकतात, शनिवारी आरामात येतात, रविवारी वेरूळ बघतात आणि सोमवारी अजिंठा ठेवतात, आणि तिकीट-हॉटेल सगळं बुक झाल्यावर आम्हाला फोन येतो. तेव्हा आमच्याही हातात काही नसतं. म्हणून आम्ही फोनवर भाड्याच्या आधी तारीख आणि वार विचारतो, ती चौकशी नाही, तुमचेच पैसे वाचावेत म्हणून आहे. उलट सोमवार-मंगळवार असे दोनच दिवस असतील तरी घाबरू नका, सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा असं लावलं की दोन्ही होतात, फक्त क्रम चुकायला नको. रविवार-सोमवार असेल तर रविवारी अजिंठा, सोमवारी वेरूळ. मकबऱ्याला आणि देवगिरी किल्ल्याला अशी साप्ताहिक सुट्टी नाही, त्यामुळे ते पुढे-मागे कुठेही बसतात.

आता दोन दिवसांचा आमचा नेहमीचा प्लॅन सांगतो.

मुंबईहून देवगिरी एक्सप्रेसने आलात तर पहाटेच उतरता. त्या दिवशी लगेच अजिंठ्याला जाऊ नका, झोप अर्धवट झालेली असते आणि परत तीन तास गाडीत बसायचं, दोघंही चिडचिडे होतात. रूमवर अंघोळ-नाश्ता करून साडेआठला निघा. पहिला देवगिरी किल्ला, शहरापासून पंधरा किलोमीटर. हा सकाळीच करायचा, ऊन चढल्यावर तो चढवत नाही. वरपर्यंत साडेसातशेच्या आसपास पायऱ्या आहेत, मध्ये अंधारी नावाचा भुयारी रस्ता आहे, तिथे वटवाघळं असतात, ज्यांना भीती वाटते त्यांनी आधीच ठरवा. यादवांची राजधानी ती हीच, आणि 1327 मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने दिल्लीहून राजधानी आणली ती पण इथेच. आमचं प्रामाणिक मत विचाराल तर गुडघे दुखत असतील तर वर जायचा हट्ट नको, चांदमिनार, भारतमाता मंदिर, चिनी महाल आणि खंदकापर्यंत जाऊन या, तासाभरात छान होतं. नाहीतर दुपारी वेरूळला पाय उचलत नाहीत, आणि त्या दिवसाचा मुख्य माल तिकडे आहे. किल्ल्याच्या वेशीतूनच रस्ता जातो आणि ती वेस अरुंद आहे, सुट्टीच्या दिवशी तिथे गाड्या अडकतात, म्हणून पण आम्ही लवकर निघायला सांगतो, ड्रायव्हर घाई करतोय असं समजू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आलात तर ह्याच रस्त्याला सीताफळांच्या पाट्या लागलेल्या असतात, गाडी थांबवायला सांगा, दौलताबादचं सीताफळ सोडून जाऊ नये.

मग घृष्णेश्वर, लेण्यांपासून अगदी जवळ. पुरुषांना गाभाऱ्यात जाताना शर्ट-बनियन काढावा लागतो. सोमवारी आणि श्रावणात रांग फार मोठी असते, तेव्हा दर्शन हवंच असेल तर किल्ला सोडा, दोन्ही होणार नाही. जेवण करून दीड-दोनला वेरूळच्या गेटवर.

इथे एक खास सांगायचंय. गेटमधून आत गेलं की समोरच 16 नंबरचं कैलास लेणं दिसतं, आणि सगळे तिकडेच धावतात, तासभर फोटो काढतात, मग दमून म्हणतात बाकीचं राहू दे. तुम्ही उलट करा. आधी आतल्या गाडीने 30 ते 34 नंबरच्या जैन लेण्यांकडे जा, तिथे गर्दी नसते, 32 नंबरच्या इंद्रसभेत वरच्या मजल्यावर छतावर चित्रांचे अवशेष आहेत ते मान वर करून बघा. तिथून परत येऊन बौद्ध लेण्यांच्या बाजूला 10 नंबरचं विश्वकर्मा लेणं, ज्याला सुतार की झोपडी म्हणतात, आत दगडातच लाकडासारख्या कमानी कोरल्यात. आणि मग साधारण चारला कैलास. वेरूळचं तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे दुपार कलली की ऊन समोरून येतं आणि तो दगड उजळतो, सकाळी तिथे सावली असते. फोटोसाठी म्हणा किंवा नुसतं बसायला म्हणा, ही वेळ सोडू नका. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला ह्याच्या काळातलं हे काम, वरून खाली कोरत आणलेलं, म्हणजे कळस आधी आणि पाया नंतर. आत गेल्यावर घाईने प्रदक्षिणा मारू नका, दक्षिण बाजूला रावण कैलास पर्वत हलवतोय ते शिल्प शोधा, पार्वती घाबरून शंकराला धरतेय. दोघं मिळून शोधा, आम्ही ड्रायव्हरला पण सांगून ठेवलंय की ते कुठे आहे ते आधी सांगायचं नाही.

अजिंठ्याच्या दिवशी मात्र सकाळी साडेसहा-सातला निघायचंच, इथे तडजोड नाही. नऊला उघडतं आणि दहानंतर शाळांच्या सहलींच्या बस येतात. 1 नंबरच्या लेण्यात पद्मपाणी बोधिसत्त्वाचं चित्र आहे, तिथे एका वेळी थोडेच लोक सोडतात, रांग मोठी दिसली तर तिथे उन्हात उभं न राहता सरळ शेवटच्या टोकाला 26 नंबरला जा, बुद्धाच्या महापरिनिर्वाणाची झोपलेली मोठी मूर्ती बघा आणि उलटं या: 19, 17, 16, मग 10 आणि 9, शेवटी 2 आणि 1. तोपर्यंत सकाळची रांग ओसरलेली असते. 9 आणि 10 ही सगळ्यात जुन्यांपैकी, सातवाहनांच्या काळातली, बाकीची बरीचशी वाकाटकांच्या काळात पाचव्या शतकात झाली. 10 नंबरमध्येच जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 28 एप्रिल 1819 ला स्वतःचं नाव कोरून ठेवलंय, शिकारीला आला होता आणि समोरच्या डोंगरावरून त्याला लेणं दिसलं असं सांगतात.

आणि चित्रांसमोर दोन मिनिटं नुसतं उभं राहा. बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर पहिल्यांदा काहीच दिसत नाही, लोक म्हणतात सगळं पुसलंय आणि पुढे जातात. डोळे सरावले की हळूहळू हिरवा, निळा, मग डोळे, मग हातातलं कमळ दिसायला लागतं. मोबाइलचा फ्लॅश चालत नाही, चित्रांच्या लेण्यांत चप्पल बाहेर काढावी लागते, त्यामुळे लेसवाले बूट घालू नका, सारखं बांधा-सोडा करण्यात वेळ जातो. चढायला जमत नसेल तर खाली डोलीवाले असतात, भाव आधी ठरवून घ्या.

अजिंठ्याहून साडेचार-पाचला शहरात. तेव्हा मकबरा करायला लोक मागतात, आम्ही नेतो, पण खरं तर तो निघायच्या दिवशी सकाळी बघावा, गर्दी नसते आणि पांढरा रंग कोवळ्या उन्हात छान दिसतो. औरंगजेबाची बायको दिलरास बानू बेगम हिची ही कबर ताजमहालपेक्षा लहान म्हणून लोक नावं ठेवतात, पण ताजशी तुलना करायला येऊ नका, दख्खनमधली वास्तू म्हणून बघा, घुमटाखालची संगमरवरी जाळी तर बघाच. तिथून दोन-तीन किलोमीटरवर विद्यापीठाच्या मागे डोंगरात शहराची स्वतःची बौद्ध लेणी आहेत, फार कमी लोक जातात, दोघांना निवांत बसायचं असेल तर ह्याच्यापेक्षा चांगली जागा शहरात नाही. तिसरा पूर्ण दिवस असेल तर पैठण, पन्नासेक किलोमीटर, नाथांची समाधी, जायकवाडीचं धरण आणि पैठणी विणताना बघायला मिळते.

ज्यांच्याकडे खरोखर दीडच दिवस आहे त्यांच्यासाठी एक युक्ती. संभाजीनगरला न उतरता जळगावला उतरा. मुंबई, नाशिककडून रात्रीच्या भरपूर गाड्या आहेत, आणि जळगावहून अजिंठा साठच किलोमीटर. आमची गाडी पहाटे जळगाव स्टेशनला येते, तुम्ही अजिंठा बघून मुक्कामाला शहरात, दुसऱ्या दिवशी वेरूळ आणि रात्रीची गाडी परत. शहरातून अजिंठा जाऊन-येऊन दोनशे-दहा किलोमीटर होतात, असं केलं तर सव्वातीनशे, म्हणजे वरच्या शंभर-एकशेदहा किलोमीटरचं भाडं वाढतं, पण हॉटेलची एक रात्र वाचते आणि तोच रस्ता दोनदा होत नाही.

भाड्याबद्दल पण स्पष्ट सांगतो. आमचा दर स्टेशनबाहेरच्या दरापेक्षा थोडा जास्त आहे. कारण आम्ही ड्रायव्हरला दुकानांचं कमिशन घेऊ देत नाही, तुम्हाला हिमरू शाल किंवा पैठणी घ्यायची असेल तर सांगा, नेऊ, पण तुम्ही म्हटल्याशिवाय गाडी दुकानासमोर थांबणार नाही. टोल, पार्किंग आणि ड्रायव्हरचा भत्ता आधीच सांगून धरलेला असतो, शेवटच्या दिवशी नवीन आकडा निघत नाही. तिकिटं आणि टी-पॉइंटच्या बसचे पैसे मात्र तुमचे तुम्ही द्यायचे.

फोन किंवा व्हॉट्सॲप कराल तेव्हा एवढं आधी कळवा: कुठल्या तारखेला कुठल्या गाडीने येताय, परतीची गाडी किती वाजता आहे, दोघांपैकी कोणाला पायऱ्यांचा त्रास आहे का, आणि घृष्णेश्वराचं दर्शन हवंय का. वार आम्ही कॅलेंडरमध्ये बघून घेतो. आणि शक्य असेल तर रेल्वेचं तिकीट काढायच्या आधी विचारा, नंतर नको, सल्ल्याचे आम्ही पैसे घेत नाही, गाडी दुसऱ्या कोणाची घेतलीत तरी.