छोटा एएम अँटेना चालेल का? एफसीसीचं म्हणणं, आधी मोजून दाखवा

पुणे आकाशवाणी ७९२ किलोहर्ट्झवर लागते हे अजून कित्येकांना पाठ असेल. आता त्या ७९२चं गणित करून बघा, लहर निघते जवळपास ३७९ मीटर लांब, आणि मिडियम वेव्हचा, म्हणजे एएम रेडिओचा, उभा अँटेना नीट चालायचा तर साधारण तिच्या चौथ्या हिश्श्याएवढा उंच लागतो, म्हणजे ९५ मीटर, तीस मजली बिल्डिंगच म्हणा ना. यात अख्खा लोखंडी टॉवरच अँटेना असतो, बहुतेक ठिकाणी चिनी मातीच्या इन्शुलेटरवर उभा, आणि त्याच्या बुडाशी जमिनीत चारी दिशांना तांब्याच्या तारा पुरलेल्या. अमेरिकेत अशा १२० तारा घालायची पद्धत आहे.

एवढी जागा शहरात कुठून आणायची? अमेरिकेतल्या छोट्या एएम स्टेशनांचं दुखणं हेच आहे, जमिनीचे भाव चढलेत, शेजाऱ्यांना टॉवर नको असतो, आणि २०० फुटांच्या वर गेलात की विमानवाहतूक खात्याला कळवावं लागतं, केशरी-पांढरा रंग नाहीतर दिवे लागतात.

मग टॉवर आखूड का नाही करायचा? अडचण रेडिएशन रेझिस्टन्सची आहे, म्हणजे दिलेली पॉवर लहर होऊन हवेत जाते ती ज्या रोधातून मोजतात त्याची; तो जमिनीतल्या लॉसपेक्षा जितका मोठा तितकं बरं. पाव लहरीच्या टॉवरचा हा आकडा ३६ ओहमच्या आसपास असतो, पण टॉवरची तीच उंची एक पंचमांश केली की तो उतरतो थेट १ ओहमवर. समजा जमिनीत २ ओहमचा लॉस आहे, तर उंच टॉवर पंच्याण्णव टक्के पॉवर हवेत सोडतो आणि आखूड टॉवर जेमतेम तेहेतीस, बाकीची जमीन गरम करण्यात जाते.

म्हणून अमेरिकेत रेडिओ स्टेशनांना लायसन्स देणाऱ्या एफसीसी या सरकारी संस्थेने नुसत्या उंचीवर न थांबता फील्डचाही, म्हणजे पोचणाऱ्या लहरीच्या जोराचाही, आकडा धरला, १ किलोवॉट दिल्यावर १ किलोमीटरवर किमान किती फील्ड मिळायला हवी त्याचा. बऱ्याच स्टेशनांसाठी तो २८२ मिलिव्होल्ट प्रति मीटर होता, छोट्या लोकल स्टेशनांसाठी २४१. मला ही पद्धत फार पटते, कारण अँटेना दिसायला कसाही असू दे, इंजिनियर फील्ड मीटर घेऊन निघतो, झाकणातच लूप अँटेना असलेली ती पेटी, आणि एकेका दिशेला लांब लांब जात रीडिंग लिहून काढतो, तिथे जाहिरातीचं काही चालत नाही.

क्रॉस्ड फील्ड अँटेनाचं असंच झालं. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या संशोधकांचं म्हणणं होतं की विद्युत आणि चुंबकीय क्षेत्र वेगवेगळी तयार करून एकत्र आणली की अगदी बुटका अँटेनाही भरपूर रेडिएट करेल. इजिप्तमध्ये असे अँटेना उभे पण राहिले, मात्र स्वतंत्र तपासणीत ते दावे टिकले नाहीत.

किनस्टारने असली जादू सांगितली नाही. स्टार-एच आणि टेनेसीतली किंट्रॉनिक लॅब्ज यांचा हा अँटेना, चार उभ्या तारा आणि त्यांच्या टोकांपासून आडव्या पसरलेल्या तारा, उंची नेहमीच्या टॉवरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. आखूड तारेत करंट वर जाता जाता शून्याकडे घसरतो, आडव्या तारा जोडल्या की तो वरपर्यंत टिकून राहतो आणि रेडिएशन रेझिस्टन्स चौपटीपर्यंत वाढू शकतो. त्यांनी १६८० किलोहर्ट्झवर खरा अँटेना उभारला, फील्ड मोजली, आकडे एफसीसीपुढे ठेवले आणि सगळ्या दिशांना सारखं प्रसारण करणाऱ्या स्टेशनांसाठी त्याला मान्यता मिळाली.

पुढे २०१५मध्ये एएमला हातभार लावायला एफसीसीने किमान फील्डचा आकडाच जवळपास २५ टक्क्यांनी खाली आणला. जागा गमावलेल्या स्टेशनला यामुळे खरंच श्वास घ्यायला वाव मिळाला. पण बँडविड्थचं काय? अँटेना जितका आखूड तितका तो एकाच फ्रिक्वेन्सीला चिकटून बसतो, आणि आवाज तर कॅरियरच्या, म्हणजे स्टेशनच्या मूळ फ्रिक्वेन्सीच्या, दोन्ही बाजूंना ५-१० किलोहर्ट्झ पसरलेला असतो, त्या कडा कापल्या गेल्या की फील्ड पुरेशी असूनही बातम्या देणाऱ्याचे स, श, च कानाला बोथट लागतात, म्हणून मॅचिंग नेटवर्क, म्हणजे ट्रान्समीटरचा आणि अँटेनाचा मेळ घालणारं सर्किट, जुळवताना कॅरियरच्या दोन्ही बाजूंनाही मोजून बघावंच लागतं.