पोटात गोळा येणं वेगळं, पोट ढवळणं वेगळं

हेडसेट डोक्यावरून उतरवला की माणूस पहिल्यांदा म्हणतो, "चक्कर आली." गणपतीत, प्रदर्शनात, कॉलेजच्या कार्यक्रमात आभासी जग दाखवणाऱ्या (व्हीआर) हेडसेटचा स्टॉल लावतो मी. तीन वर्षं हेच ऐकून कान किटलेत. एकाला आलेली असते भीती, दुसऱ्याला मळमळ, आणि दोघंही सांगतात चक्कर. बेळगावात तरी ही गफलत व्हायला नको. शेजारचा कन्नड बोलणारा 'तली तिरगतद' (डोकं फिरतंय) आणि 'अंजिकि आगतद' (भीती वाटतेय) असं वेगवेगळं सांगतो. मराठीत तर शब्दांची रास पडलीय: भोवळ, घेरी, गरगरणं, मळमळ, धडकी, कापरं. ती सगळी बाजूला ठेवून आम्ही बोलतो चक्कर.

गेल्या वर्षी टिळकवाडीत एकाच संध्याकाळी दोघंजण आले. पहिल्या निपाणीच्या काकू. त्यांना भाच्यानं खुर्चीत बसवून रोलर कोस्टर लावून दिलं. वर चढताना काकू हसत होत्या, पहिला उतार झाल्यावरही हसत होत्या. तिसऱ्या वळणावर गप्प झाल्या. कपाळाला गार घाम, ओठ पांढरे. हेडसेट काढला तरी अर्धा तास त्या पदर तोंडाला लावून पंख्यासमोर बसल्या होत्या. भीती वाटली का विचारलं तर म्हणाल्या, "भीती कसली रे बाबा? पोट ढवळतंय नुसतं."

दुसरा तालमीतला गडी, माझ्या दुप्पट रुंद. त्याला उंच इमारतीवरून बाहेर आलेल्या फळीवर चालायचं होतं. खरी फळी मी जमिनीवर ठेवलेली, जाडी जेमतेम दीड इंच. हेडसेटमध्ये लिफ्टचं दार उघडलं आणि गडी जागीच खिळला. गुडघे थरथरायला लागले, एक हात हवेत कठडा शोधायला लागला. "अण्णा, काढ की गा हे, चक्कर याय लागलीय." काढला. दहा सेकंदांत गडी फळीकडं बघून हसायला लागला आणि समोरच्या गाड्यावर भडंग खायला गेला.

आता, आभासी जगातली भीती खरी की खोटी या वादात मी पडत नाही. तो कधीच मिटलाय. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात लोकांना हेडसेटमधून वीस फूट खोल खड्डा दाखवला आणि नाडी मोजली. खड्ड्याकाठी नाडी वाढली. पायाखाली दीड इंचाची खरी लाकडी कड ठेवली तेव्हा आणखी वाढली. 2002 साली हे छापून आलं. माझ्या फळीची जाडी तिथूनच उचललेली. खड्डा खोटा आहे हे त्या प्रत्येकाला ठाऊक होतं, पण मेंदूतला जो भाग धोक्याची घंटा वाजवतो तो आधी वाजवतो, चौकशी नंतर. म्हणून "खोटं आहे रे, घाबरतोस काय" असं शेजारी उभं राहून सांगणाऱ्यांचा मला फार राग येतो. घाबरलेल्याला माहीत आहे ते. त्यानं काय होतंय?

खरा घोळ मळमळीचा. घाम दोघांना, पोटात काहीतरी दोघांना, हेडसेट नको दोघांना. पण काकूंच्या बाबतीत भांडण लागलं होतं डोळे आणि कान यांचं. कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. डोकं कुठं वळलं हे त्यांना कळतं, वेग वाढला की कमी झाला हे त्यांच्याजवळच्या पिशव्यांना. डोळे म्हणतात आपण सुसाट खाली निघालोय, कान म्हणतो आपण प्लास्टिकच्या खुर्चीत बसलोय. हा मेळ बसत नाही आणि त्याचा त्रास पोटाला. चोर्ला घाटातून गोव्याला जाताना गाडीत मोबाईल बघणाऱ्याचं होतं तेच, फक्त उलटं: तिथं कानाला वळणं कळतात आणि डोळे स्क्रीनवर स्थिर असतात. यात भीतीचा काही संबंध नाही. निधड्या छातीचा माणूसही ओकतो.

गड्याच्या बाबतीत असलं भांडणच नव्हतं. तो खरोखर उभा होता आणि हेडसेटमध्येही उभाच होता. डोकं वळवलं तेवढंच चित्र वळत होतं. सगळं जुळत होतं, आणि जुळत होतं म्हणूनच मेंदूला ती उंची पटली.

यावरून मी ओळखायच्या तीन खुणा धरल्यात. त्रास कधी सुरू होतो? भीती दार उघडताच, सेकंदात. मळमळ हळूहळू, मिनिटामिनिटानं चढत जाते. आणि कधी थांबतो? डोळे मिटले, हेडसेट काढला की भीती बहुतेक ओसरते. मळमळ मात्र पाहुण्यासारखी, निघते म्हणते आणि दारात तासभर उभी राहते. तिसरी खूण म्हणजे चित्र पुढं चालवणाऱ्या, हातातल्या कंट्रोलरचा खटका सोडून नुसतं उभं राहायचं. चित्र थांबल्यावर त्रास चढायचा थांबला तर ती मळमळ. चित्र थांबलेलं असूनही पाय कापत असतील तर ती उंची.

एवढा कीस काढतोय, कारण दोन्हींवरचे उपाय एकमेकांच्या विरुद्ध आहेत. मळमळीत "थोडं अजून बघ, सवय होईल" हा सल्ला म्हणजे निव्वळ छळ. पहिल्या जांभईला, पहिल्या गार घामाला हेडसेट काढायचा, उघड्या हवेत लांबचं काहीतरी बघायचं. सवय होते, पण रोज थोडं थोडं बघून, रेटून नव्हे. भीतीचं नेमकं उलट आहे. भीती टिपेला असताना पळून आलं की मेंदू हिशेब मांडतो: पळालो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी तो आणखी लवकर पळवतो. सोसवेल एवढ्याच पायरीवर थांबून ती आपोआप उतरेपर्यंत राहिलं, तर हिशेब बदलतो. मानसोपचारात ही पद्धत जुनीच, हेडसेटनं फक्त गच्ची दवाखान्यात आणली. उंचीच्या भीतीवर असा उपचार केल्याचं 1995 मध्येच छापून आलंय. 2018 मध्ये ऑक्सफर्डच्या डॅनियल फ्रीमन यांच्या गटानं 100 लोकांवर चाचणी घेतली. त्यात समोर डॉक्टर नव्हता, हेडसेटमधली आभासी प्रशिक्षकच दहा मजली इमारतीत पायरीपायरीनं वर नेत होती. साधारण अर्ध्या अर्ध्या तासाच्या सहा बैठका. उपचार घेतलेल्यांची भीती सरासरी 68 टक्क्यांनी उतरली, न घेतलेल्यांची 3 टक्क्यांनी.

तेव्हा काकूंना गड्याचा उपाय दिला तर त्या ओकतील, आणि गड्याला काकूंचा दिला तर तो जन्मभर गच्चीच्या मध्यभागी उभा राहील. माझा स्टॉल हा दवाखाना नव्हे, मी फक्त हेडसेट पुसून देतो. भीतीनं रोजचं जगणं अडत असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडं जावं.

दोन्ही एकत्र येत नाहीत असं मात्र नाही. गोकाकला घटप्रभा 52 मीटर खाली कोसळते. तिथल्या झुलत्या पुलावर पाय टाकल्यावर पूल हलतो, शिवाय जवळ नजर टेकायला काही स्थिर नसल्यानं शरीर खरंच थोडं डुलतं. तिथं कोण काय म्हणतोय ते मी तपासत बसत नाही.

आणि "मला व्हर्टिगो आहे, म्हणून मी गच्चीवर जात नाही" म्हणणाऱ्यांना हात जोडून सांगतो, उंचीच्या भीतीला व्हर्टिगो म्हणत नाहीत. अंथरुणात कूस बदलली तरी खोली फिरते, तो व्हर्टिगो, आणि त्याला कानाचा डॉक्टर. रक्त बघून घेरी येते ते आणखी तिसरं: तिथं रक्तदाब एकदम पडतो, म्हणून माणूस कोसळतो. उंचीच्या भीतीत सहसा वाढतो. गडी "पडतो बघ आता" म्हणत होता, पण पडला नाही.

गडी तीन दिवसांनी परत आला. या वेळी मी त्याला हेडसेटमध्ये फक्त दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर सोडलं, आणि शेजारी "खोटं आहे रे" म्हणणाऱ्या त्याच्या मित्राला भडंग आणायला पाठवलं.