प्रीबायोटिकचं मूळ दुपट्यात

अंगावर पिणाऱ्या बाळाची शी पिवळी, सैलसर, किंचित आंबूस वासाची असते. वरचं दूध सुरू झालं की रंगही बदलतो आणि वासही. दुपटी धुणाऱ्यांना हे न सांगता कळतं. प्रीबायोटिकचा, म्हणजे आपल्याला न पचणाऱ्या पण आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंना पोसणाऱ्या अन्नाचा, माग काढत मागे गेलं, की आपण याच दुपट्यांपाशी येऊन पोचतो.

१८९९ साली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आँरी तिसिए यांना अंगावर पिणाऱ्या बाळांच्या विष्ठेत टोकाला फाटा फुटलेला एक जिवाणू सापडला. दुभंगलेला, म्हणून ‘बिफिडस’. वरच्या दुधावरच्या बाळांत त्याचा एवढा सुळसुळाट नसे. मग आईच्या दुधात असं वेगळं काय होतं? उत्तराला अर्धशतक लागलं. १९५४च्या सुमारास पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले बालरोगतज्ज्ञ पॉल ज्यॉर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की या जिवाणूच्या एका वाणाला वाढायला आईच्या दुधातल्या गुंतागुंतीच्या शर्करा लागतात. या शर्करा लिटरमागे साधारण ५ ते १५ ग्रॅम असतात, आणि बाळाला त्या जवळपास पचतच नाहीत! आई एवढं रांधते ते बाळाच्या आतड्यातल्या बिऱ्हाडकरूंसाठी. या साऱ्या इतिहासात मला याचंच सर्वांत नवल वाटतं. जिवाणू त्या शर्करा आंबवून लॅक्टिक आणि ॲसेटिक आम्ल बनवतात (आंबूस वास तिथलाच), आणि त्या आंबटपणात बऱ्याच उपद्रवी जंतूंचं काही चालत नाही.

१९५७मध्ये ऑस्ट्रियाच्या पेटुएली यांनी लॅक्टुलोज या शर्करेनेही बाटलीच्या बाळांत बिफिडस वाढतात, असं मांडलं. बद्धकोष्ठावर डॉक्टर लिहून देतात ते घट्ट, गोडमिट्ट सिरप म्हणजे हेच लॅक्टुलोज. ते घेतल्यावर पोट गुडगुडतं, कारण आत जिवाणूंची पंगत बसलेली असते.

‘प्रीबायोटिक’ हे नाव मात्र १९९५चं, ग्लेन गिब्सन आणि मार्सेल रॉबरफ्रॉइड यांनी दिलेलं: न पचता मोठ्या आतड्यात पोचणारा आणि तिथल्या मोजक्या उपकारक जिवाणूंना पोसणारा अन्नघटक. २०१७मध्ये तज्ज्ञांनी व्याख्या सैल केली. प्रीबायोटिकने आतड्यातच काम करावं आणि ते कर्बोदकच असावं, हे बंधन गेलं.

प्रीबायोटिकांपैकी एक, इन्युलिन, कांदा, लसूण, गहू यांत असतं. खाद्यपदार्थांच्या डब्यांवर छापलेलं इन्युलिन बहुधा चिकोरीच्या मुळाचं, कॉफीत मिसळतात त्याच चिकोरीच्या. भाजताना त्यातलं बरंच मोडतं, तेव्हा कॉफीच्या भरवशावर राहू नये.