ऐन की किंजळ? फळ बघा

कोकणात ऐन आणि किंजळ ही झाडं एकाच डोंगरउतारावर मिसळून वाढतात, त्यामुळे दोघांची गल्लत नेहमी होते. नुसत्या सालीवर विसंबू नये. जुन्या ऐनाची साल काळपट आणि सुसरीच्या पाठीसारखी खवल्याखवल्यांची असते, पण कोवळ्या झाडाला ती खूण आलेली नसते.

पान उलटं करा. देठाजवळ दोन बारीक गाठी बोटाला लागतात. एवढ्यावर ऐन ठरवू नका, कारण किंजळ आणि अर्जुनालाही अशा ग्रंथी असतात. निकाल लावतं ते फळ. ऐनाचं फळ साधारण चार-पाच सेंटिमीटर लांब असतं. त्याला पाच रुंद पंख असतात आणि पंखांवरच्या शिरा सरळ आडव्या कडेपर्यंत जातात. अर्जुनाच्या पंखांवर याच शिरा वरच्या बाजूला वळतात. शिवाय त्याची साल फिकट, गुळगुळीत, आणि झाड बहुधा नदीकाठी. किंजळाचं फळ अगदी लहान, एक पंख मोठा आणि दोन छोटे. पावसाळ्यानंतर किंजळावर तांबूस फळांचे घोस लगडतात, तेव्हा तो लांबूनच ओळखू येतो.

झाडावर फळ नसेल तर खालचा पातेरा चाळा. तिथेही काही मिळालं नाही, तर झाडाची दरवर्षी कवळतोड, म्हणजे पाल्यासकट फांद्यांची तोड, होते का ते विचारा. भाजावळीसाठी, म्हणजे भाताची रोपं करायची जागा पेरणीआधी फांद्या-पाला पेटवून भाजण्यासाठी, ऐनाच्या फांद्या सर्रास तोडतात. फुलं फांद्यांच्या टोकांकडे येतात, ती टोकंच गेली की फळ धरत नाही आणि बी पडत नाही. म्हणून शेंडा राखून बाजूच्याच फांद्या घ्याव्यात आणि प्रत्येक राईत काही ऐन अजिबात न तोडता बियाण्यासाठी सोडावेत. हे आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. भाजावळ पेटवताना वारा जिकडे वाहतो त्या टोकाला आग लावावी. मग ती वाऱ्याविरुद्ध सावकाश सरकते, माती नीट तापते आणि तणाचं बी मरतं.

ऐनाचं लाकूड जड, तपकिरी, काळ्या रेषांचं. वासे आणि तुळयांना ते चांगलं, पण उन्हात घाईने वाळवलं की चिरतं. ओंडका लवकर कापून, फळ्यांमध्ये पट्ट्या घालून सावलीत रचावा आणि टोकांना रंग फासावा. बाहेरचं फिकट लाकूड काढून टाकावं, किडा आधी तिथेच लागतो.