घरी भरलेलं काडतूस: पिस्तूल स्पर्धांमागची पार्श्वभूमी

आपली काडतुसं आपणच का भरता, असं पिस्तूल नेमबाजाला विचारलं तर ठरलेली दोन उत्तरं मिळतात: खर्च वाचतो आणि नेम सुधारतो. दोन्ही खरी आहेत. पण गेल्या शंभरेक वर्षांचा हिशोब मांडला, तर या दोन्हींपेक्षा भारी ठरलेलं कारण वेगळंच दिसतं, ते म्हणजे स्पर्धेचे नियम. कागदावर भोक कसं पडावं, गोळीत जोर किती असावा, कोणत्या फटक्याला किती गुण मिळावेत, हे ज्या त्या काळात ठरत गेलं आणि नेमबाजांनी त्यावर बेतून काडतूस बदललं.

ठासणीच्या काळात हँडलोडिंग (काडतूस हाताने भरणं) असा वेगळा प्रकारच नव्हता. प्रत्येक बार हातानेच भरायचा. कोल्टच्या पेटीबंद रिव्हॉल्व्हरसोबत दारूचं भांडं आणि गोळ्या ओतायचा साचा येई, आणि शिसं वितळवणं हा बंदूक बाळगण्याचाच भाग होता. १८५७ मध्ये स्मिथ अँड वेसनने तयार धातूच्या काडतुसाचं छोटं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं आणि हे चित्र पालटू लागलं. त्या .२२ काडतुसात पेट घेणारं रसायन पुंगळीच्या (काडतुसाच्या धातूच्या नळकांड्याच्या) कडेतच भरलेलं असे. घोडा पडला की कड चेपते आणि पुंगळी कायमची निकामी होते. ही रचना आजही तशीच आहे. म्हणून ऑलिंपिकमधल्या .२२ पिस्तुलाच्या प्रकारांत घरी काडतूस भरण्याचा प्रश्नच येत नाही. तिथले नेमबाज फार तर कारखान्याचे वेगवेगळे लॉट आपल्या पिस्तुलातून तपासून त्यातला एक निवडतात.

पुंगळी पुन्हा वापरता येईल का, याचा निकाल लागला तो १८६० च्या दशकात, प्राइमर (ठोका बसताच पेटून पावडर पेटवणारी छोटी टोपी) मध्यभागी बसवायला सुरुवात झाली तेव्हा. इंग्लंडच्या एडवर्ड बॉक्सरने ऐरण (जिच्यावर रसायन चिरडून पेट घेतं तो कठीण तुकडा) प्राइमरच्या आतच ठेवली, त्यामुळे पुंगळीच्या तळाला मधोमध एकच छिद्र उरलं. अमेरिकेच्या हायरम बर्डनने ऐरण पुंगळीच्या तळातच घडवली आणि तिच्या बाजूला छोटी छिद्रं ठेवली. बॉक्सरच्या रचनेत आतून एक सुई दाबली की वापरलेला प्राइमर बाहेर पडतो. बर्डनच्या रचनेत तो उचकटून काढावा लागतो. गंमत अशी, की इंग्रजाची रचना अमेरिकेत रुजली आणि अमेरिकनाची युरोपात. अमेरिकेत घरोघरी रीलोडिंगचं टेबल दिसतं, त्यामागे तिथल्या लोकांच्या हौसेइतकाच त्या एका छिद्राचाही वाटा आहे, असं मला वाटतं.

१८८४ मध्ये कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनला जॉन बार्लोने आयडियल कंपनी काढली. तिचं पकडीसारखं दिसणारं हत्यार खिशात मावे आणि त्यावर काडतूस भरण्याची जवळजवळ सगळी कामं होत. अमेरिकी लष्करही त्या काळी सरावासाठी सैनिकांकडून रायफलच्या पुंगळ्या पुन्हा भरून घेत असे. मग धूररहित पावडर आली आणि तिच्याबरोबर एक अनपेक्षित अडचणही. त्या वेळच्या प्राइमरमध्ये पारा असे. काळ्या दारूची जाड काजळी तो पारा शोषून घ्यायची, तर नव्या पावडरमध्ये काजळी फारशी नव्हतीच. पारा थेट पितळेत मुरे आणि पुंगळी ठिसूळ होऊन पुढच्या बाराला तडकू लागे. १९२० च्या दशकाच्या शेवटी बिनपाऱ्याचे, नळी न गंजवणारे प्राइमर बाजारात आले आणि हा काटा निघाला. तोवर आयडियल मार्लिनच्या हातून लायमनकडे गेली होती (१९२५). लायमनचं नाव या धंद्यात आजही आहे.

पिस्तुलापुरतं बोलायचं तर दोन गोष्टी १८९८ च्या सुमाराला जवळजवळ एकदमच आल्या: .३८ स्पेशल काडतूस आणि ‘बुल्सआय’ नावाची पावडर. बुल्सआय झपकन जळते आणि अगदी थोडी पुरते. .३८ स्पेशलची पुंगळी मात्र काळ्या दारूच्या मापाने लांब ठेवलेली होती. त्यामुळे हलका बार भरला की पुंगळी बरीचशी रिकामीच राहते. हा जोडा पुढे लाखो नेमबाजांचा आवडता झाला आणि या छंदातली सगळ्यात मोठी भीतीही त्यातूनच आली. रिकाम्या जागेत पावडरचं दुसरं माप सहज मावतं, वर गोळी बसली की बाहेरून काहीच ओळखू येत नाही, आणि असं काडतूस उडालं तर पिस्तूल फुटू शकतं. याच्या उलट चूक म्हणजे पावडर पडलीच नाही तर. नुसत्या प्राइमरच्या जोरावर गोळी नळीत अर्ध्यावर जाऊन अडकते आणि फुसका बार होतो. आवाज नेहमीसारखा आला नाही, हे घाईत लक्षात आलं नाही आणि पुढचा बार काढला, तर नळी फुगते किंवा फाटते. म्हणून जुने लोक पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करायचे आणि गोळ्या बसवण्याआधी वरून दिवा धरून प्रत्येकीत डोकवायचे. एखादीतली पातळी शेजारणीपेक्षा वर किंवा खाली दिसली की ती बाजूला. हल्ली यंत्रावर पातळी तपासून घंटी वाजवणारे भाग मिळतात, पण अनुभवी माणूस घंटीवर विसंबून डोकावणं सोडत नाही.

हलका बार हवा कशाला होता? तर कागदासाठी. १९०७ पासून ओहायोतल्या कॅम्प पेरीला अमेरिकेचे राष्ट्रीय सामने भरू लागले आणि एका हाताने, संथपणे, गोल टार्गेटवर पिस्तूल चालवण्याचा प्रकार तिथे जोमात वाढला. गोल नाकाची गोळी कागद फाडत जाते, त्यामुळे भोकाची कड रेषेला टेकली की नाही यावर वाद होतात. सपाट तोंडाची वॉडकटर गोळी पंचिंग मशीनसारखं स्वच्छ, पूर्ण मापाचं गोल भोक पाडते. रेषेला केसाइतका स्पर्श झाला तरी वरचा गुण मिळतो, आणि तो दिसतोही. नियमात जोराची अट नव्हती, मग धक्का कशाला सोसायचा? १४८ ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं माप, १४८ म्हणजे सुमारे साडेनऊ ग्रॅम) वॉडकटर आणि तिच्यामागे चिमूटभर पावडर, हे .३८ चं स्पर्धेतलं रूप ठरून गेलं. .४५ साठी सॅन डिएगोच्या हेन्स्ली अँड गिब्ज यांचे साचे नावाजले. त्यांची ६८ नंबरची २०० ग्रेनची गोळी इतकी चालली की इतर साचेवाले आजही आपला माल त्याच नंबराने ओळखवतात. १९६१ मध्ये तर स्मिथ अँड वेसनने मॉडेल ५२ काढलं. गोळीचं सपाट तोंड पुंगळीच्या कडेशी बरोबर बसलेलं असेल, तरच काडतूस चालणार, असं हे ऑटो पिस्तूल.

याच काळात दुसऱ्या टोकाची मंडळीही होती. एल्मर कीथसारखे लोक .४४ स्पेशलमध्ये जास्तीत जास्त जोर भरायच्या मागे लागले होते. १९३५ चं .३५७ मॅग्नम आणि १९५० च्या दशकातलं .४४ मॅग्नम, ही दोन्ही काडतुसं अशा घरगुती प्रयोगांच्या वाटेनेच कारखान्यात पोचली. शिकारीच्या दृष्टीने ती कथा मोठी आहे, पण टार्गेटवाल्यांना तिचं फारसं कौतुक नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर सामान स्वस्त झालं. ब्रूस हॉजडनने लष्कराची उरलेली पावडर विकायला काढली. ऑरोव्हिलच्या फ्रेड हंटिंग्टनच्या आरसीबीएस कंपनीचे दणकट प्रेस (काडतूस भरायची हातयंत्रं) घरोघरी गेले, आणि स्पीअर, सिएरा, हॉर्नडी यांच्या गोळ्या डब्यांतून मिळू लागल्या. पिस्तुलवाल्यांना खरा दिलासा दिला तो टंगस्टन कार्बाइडच्या डायने (वापरलेली पुंगळी दाबून पुन्हा मापात आणणाऱ्या साच्याने). सरळ पुंगळीला तेल चोपडून नंतर पुसत बसायची कटकट तिने संपवली. तरीही साध्या प्रेसवर तासाला शंभराच्या आत-बाहेरच काडतुसं व्हायची. सॅन डिएगोचं स्टार यंत्र दांडी ओढली की एक तयार काडतूस द्यायचं, पण ते बहुतेक पोलीस खात्यांकडे आणि क्लबांकडे असे.

मे १९७६ मध्ये मिझुरीतल्या कोलंबिया शहरात आयपीएससी (इंटरनॅशनल प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशन) ही संघटना स्थापन झाली, जेफ कूपर तिचे पहिले अध्यक्ष. धावपळ करत, वेळ मोजून, दोन्ही हातांनी पिस्तूल चालवायचा हा खेळ. मऊ वॉडकटर वापरून कुणीही वेगात बाजी मारेल, हे या मंडळींना पक्कं माहीत होतं. कारण त्यातले कित्येक जण तेच करत आले होते. म्हणून गोळीच्या जोराची अट आली. सुरुवातीला लोलक वापरत. टांगलेल्या लोखंडी पाटीवर गोळी झाडायची आणि पाटी किती सरकते ते प्रमाण काडतुसाशी ताडून पाहायचं. गोळीचा वेग मोजणारे, घरगुती किमतीतले इलेक्ट्रॉनिक क्रोनोग्राफ आले तेव्हा लोलकाची जागा सूत्राने घेतली: गोळीचं वजन ग्रेनमध्ये, वेग फूट प्रतिसेकंदात, दोन्हींचा गुणाकार भागिले १,०००. हाच पॉवर फॅक्टर. तो ठरलेल्या रेषेच्या वर असेल तर काडतूस ‘मेजर’, खाली असेल तर ‘मायनर’. मेजर गटात मधल्या पट्टीबाहेरच्या फटक्यांना ४ आणि २ गुण, मायनरमध्ये ३ आणि १. मधोमध लागलं तर दोघांनाही ५.

या सूत्राने खेळाची दिशाच बदलली. त्यात कॅलिबरचा (गोळीच्या जाडीचा) उल्लेख नाही. मेजरची रेषा पूर्वी १७५ होती. .४५ ची २०० ग्रेनची गोळी ती ८७५ फुटांच्या वेगाने गाठते. ११५ ग्रेनच्या गोळीला त्यासाठी १,५२२ फूट लागतात, म्हणजे जास्त पावडर आणि जास्त वायू. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात रॉब लेथम आणि ब्रायन एनोस यांनी नेमकं हेच हेरलं. १९२९ मध्ये आलेलं आणि पुढे अडगळीत पडल्यासारखं झालेलं .३८ सुपर त्यांनी बाहेर काढलं आणि नळीच्या तोंडाला वायू वर फेकणारा कॉम्पेन्सेटर बसवला. जास्तीचा वायू हे त्या पिस्तुलाचं इंधन झालं, तोंड वर उसळेनासं झालं आणि मॅगझिनमध्ये काडतुसंही जास्त मावू लागली. दुकानातली .३८ सुपर या रेषेपर्यंत पोचत नव्हती, त्यामुळे काडतुसं घरीच भरावी लागत. कोल्टच्या ‘१९११’ नावाच्या पिस्तुलाच्या घाटाच्या जुन्या नळ्यांत पुंगळीचा तळाकडचा थोडा भाग उघडा राहतो. तिथे पितळ फुटून वायू आणि कण नेमबाजाच्या तोंडावर येण्याचे प्रकार झाले, तेव्हा कुठे तळाला पुरता आधार देणाऱ्या नळ्या रूढ झाल्या. नियमाचा शाब्दिक अर्थ लावण्याची ही किंमत होती. पुढे मेजरची रेषाही खाली आणली गेली.

नियम पाळले जातात की नाही हे सामन्यातच तपासलं जातं. आयपीएससीत अधिकारी स्पर्धकाकडून किमान ८ काडतुसं उचलून नेतो. एक उघडून गोळी तोलतात आणि ३ क्रोनोग्राफवरून झाडतात. कमी भरलं तर आणखी ३ झाडून ६ पैकी वेगवान तिघांची सरासरी धरतात. उरलेलं आठवं काडतूस झाडायचं की उघडून तोलायचं, हे स्पर्धकाने ठरवायचं. मेजर सांगून कमी भरलं तर गुण मायनरचे. मायनरचे १२५ ही भरले नाहीत तर सामना खेळता येतो, पण गुण शून्य. थंडीत काही पावडरींचा वेग उतरतो. त्यामुळे रेषेला चिकटून भरण्यात शहाणपण नाही, आणि मुरलेले लोक चार-पाच अंकांची मोकळीक ठेवतात.

या खेळाला काडतुसं भरपूर लागतात. ती भूक ॲरिझोनाच्या माइक डिलनने भागवली. १९८० च्या दशकातल्या त्यांच्या प्रोग्रेसिव्ह प्रेसवर (दांडीच्या दर ओढीला एक काडतूस देणाऱ्या यंत्रावर) एकटा माणूस तासाला चार-पाचशे काडतुसं भरू लागला, आणि जे काम क्लबाचं होतं ते गॅरेजमध्ये आलं.

२००० च्या सुमाराला साध्या कारखानी पिस्तुलांचा प्रॉडक्शन विभाग आला. त्यात सगळ्यांचे गुण मायनरनेच धरतात, म्हणून कारखान्याचं ९ मिलिमीटर काडतूस सरळ चालतं. इथे रीलोडिंग मागे पडेल असं वाटावं, पण झालं उलटं. दुकानातलं काडतूस १२५ च्या बरंच वर असतं, आणि तो वरचा धक्का नेमबाजाला फुकटचा सोसावा लागतो. शिवाय ११५ ग्रेन १,१०० फुटांनी आणि १४७ ग्रेन ८६० फुटांनी, दोन्हींचा फॅक्टर १२६ च्या आसपासच येतो. पण जड गोळीला पावडर कमी लागते आणि पिस्तूल हातात मऊ ढकलल्यासारखं हलतं. कॉम्पेन्सेटरवाल्यांना याच्या नेमकं उलट हवं असतं.

अलीकडे उघड्या शिशाच्या गोळ्यांवर रंगीत पॉलिमरचा थर येऊ लागला. त्याने धूर आणि नळीतलं शिसं दोन्ही कमी झालं. २०२०-२१ मध्ये अमेरिकेत प्राइमरचा दुष्काळ पडला, तेव्हा मात्र टेबलवाल्यांची खरी गोची झाली. पुंगळी पुन्हा वापरता येते, गोळी साच्यात ओतता येते, पावडर एका डब्यात हजारोंना पुरते. प्राइमर मात्र दर बाराला नवा लागतो आणि तो कारखान्यातूनच यावा लागतो. कित्येकांनी त्या वर्षी सरावातले बार कमी केले आणि असलेला साठा सामन्यांसाठी राखून ठेवला.